ओट्याचं माप

शके १८७५, संक्रांतीचा दुसरा दिवस

पहिल्या पानावर देवाचं नाव घालावं म्हणून टाक बुडवला, तर शाईचा हा एवढा थेंब पडला. थेंबाच्या खाली देव आहे असं समजायचं.

ही डायरी मला शालिनीनं दिली. शालिनी माझी सून, शरदची बायको, उज्जैनची, मॅट्रिक झालेली. तिला सातवा लागलाय. पहिली आमची बेबी, अडीच वर्षांची, आत्ता माझ्या पदराला लोंबकळते आहे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं माझ्या हातचं. शालिनीला दुपारी आडवं पडायला सांगितलंय. एकटी पडून कंटाळेल म्हणून जेवणं झाली की मी खाटेशी बसते नि गोष्टी सांगते. काल माझ्या मावशीच्या लग्नात हत्ती बिथरला होता ती सांगत होते. हत्ती मांडवात शिरला तेवढ्यात शालिनी म्हणाली, "आई, तुमच्या इतक्या छान गोष्टी हवेत विरून जातात. लिहून ठेवत जा ना. रोज दुपारी. ह्याच वेळेला." नि उठून शरदची कोरी डायरीच काढून दिली. मी मराठी दुसरी शिकलेली, त्यातही अर्धं वर्ष देवी आल्या म्हणून घरी. तरी पोरीला माझ्या गोष्टींची केवढी किंमत! लिहायला बसले नि वर बघते तो ती गाढ झोपलेली. गुणाची आहे.

शरद इथे नाही. होळकरांचं राज्य जाऊन हे मध्यभारत झालं तेव्हापासून कचेरी उन्हाळ्यात इंदूरला नि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. मांजर पिल्लू तोंडात धरून घरं बदलते ना, तसं सरकार. नि त्या सरकारच्या मागे आमचा शरद, ट्रंक नि वळकटी घेऊन. आता उन्हं तापली की येईल.

काय लिहायचं होतं? हां, डॉक्टरबाई. काल आली होती. शालिनीला तपासलं, सगळं ठीक म्हणाली. मग मी चुलीपुढून उठून आले, तर माझ्याच पापण्या उलट्या करून बघायला लागली. मी म्हटलं, "बाई, पोटुशी ती आहे." हसली. मग ओसरीवर शालिनीशी नि आमच्या ह्यांच्याशी हळू आवाजात पुष्कळ बोलली. मला एवढंच ऐकू आलं, "धुआँ बंद कीजिए, जल्दी." खरंच आहे. पोटातल्या बाळाला धूर वाईटच.

आमचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला. एक खिडकी, तीसुद्धा शेजारच्या भिंतीकडे बघणारी. चूल जमिनीवर, सासूबाईंच्या हातची. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, धुरानं काळे कुळकुळीत. मला धुराचा काही त्रास नाही. इतक्या वर्षांत डोळे आपोआप गळायला शिकलेत, बस.

पौष वद्य, संकष्टी

शालिनीनं आज जेवताना हळूच विषय काढला. "आई, मला ओटा हवा. उभं राहून स्वयंपाक करायचा. चुलीवर धुराडं, म्हणजे धूर सरळ छपराबाहेर. मला खाली बसवत नाही."

लग्न होऊन आल्यापासून पोरीनं कधी काही मागितलं नाही. बांगड्या मागितल्या नाहीत, लुगडं मागितलं नाही. मी म्हटलं, डोहाळे ते डोहाळे. कुणाला चिंचा लागतात, कुणाला भाजलेली माती, हिला ओटा. पुरवायला नको?

पण वन्सं बसल्या होत्या ना शेजारी. अंबिकावन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. सासर देपालपूरला, धान्याची आडत. भावजी गेल्यावर इथे आमच्याकडे आल्या. सोवळं असं की तांब्यावर कुणाची सावली पडली तरी तांब्या पुन्हा घासायचा.

"उभ्यानं?" त्या म्हणाल्या. "उभ्यानं महूच्या छावणीतल्या मडमा रांधतात. अन्नपूर्णा बसलेली असते."

"ताई, तसबिरीत बसलेली आहे," हे म्हणाले. "पण तिच्यापुढे चूल कुठं आहे?"

"दत्तू, तू वरण ओरप. नि दुसरी गोष्ट. घरात गर्भिणी असताना तिच्या नवऱ्यानं बांधकाम काढायचं नसतं. जमिनीला कुदळ लागली तर ती कुणाला लागते ठाऊक आहे ना? शास्त्र आहे."

बेबीनं तेवढ्यात ताकाची वाटी वन्संच्या पानात उपडी केली. त्या पुन्हा आंघोळीला गेल्या.

अवसेच्या आदल्या दिवशी

मी हट्टाला पेटले. हे पेन्शनीत निघाल्यापासून सकाळी लालबागेकडे फिरून येतात, तर म्हटलं परत येताना गुरुजींना विचारून या. हे पंचवीस वर्षं दरबारच्या हिशेबात होते, फार बोलत नाहीत. आले ते काठी कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "गुरुजी म्हणतात, निषेध गर्भिणीच्या पतीला. पती ग्वाल्हेरला. संकल्प सासूनं सोडला तर बांधकाम सासूचं. बाळाला बाधा नाही. कचेरी परत यायच्या आत संपवा म्हणजे झालं."

मी तर उडालेच! शरद ग्वाल्हेरला गेला ते किती बरं झालं. सरकारच्या ह्या धरसोडीचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो मला. (शेजारची गंगूबाई परवाच सांगत होती की गुरुजी काशीला गेलेत, शिवरात्र करून येणार. पण ह्यांना भेटले म्हणजे लवकर परतले असतील.)

वन्संना सांगितलं. त्यांनी जपमाळ खाली ठेवली नि म्हणाल्या, "ठीक आहे वहिनी. संकल्प तुझा, तर जे बरंवाईट होईल तेही तुझ्या माथी. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"नाही येणार," मी म्हटलं. म्हणताना काही वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय. बाळाला काही झालं तर? लोक म्हणतील, सासूला नवं स्वयंपाकघर हवं होतं. पाणी सोडलं तुळशीपाशी, दोनदा सोडलं.

रथसप्तमी

सूर्याला दूध उतू घालवलं अंगणात, नि सूर्याच्याही आधी हरी मिस्त्री हजर! गावाबाहेर भंवरकुव्याकडे राहतो. कानावर बिडी, तोंडात मालवी. कामापेक्षा बोलणं जास्त, माझं नि त्याचं लगेच जमलं. म्हणाला, "बई, तम फिकर मत करो. धुँवो सूदो भगवान का घर जायगो." मी म्हटलं, भगवानाला खोकला येईल असा नको रे बाबा.

मग माप घ्यायचं आलं. शालिनी म्हणाली, "आई, माझं पोट मधे येतं, भिंतीशी नीट उभं राहता येत नाही. तुम्ही उभ्या राहा. हात कोपरात वाकवा, पोळी लाटता तसे." मी राहिले उभी. हरीनं गेरूनं भिंतीवर रेघ मारली. शालिनी म्हणाली, "ह्याहून एक बोट खाली." हे म्हणाले, "दोन बोटं."

मला समजेना. शालिनी माझ्याहून चांगली वीतभर उंच. तिचं लग्न ठरलं तेव्हा वन्सं म्हणाल्याही होत्या, मुलगी आणताय की शिडी? माझ्या मापाचा ओटा झाला तर बिचारीला जन्मभर वाकून मरायचं. मी मग पाण्याला म्हणून अंगणात गेले नि हरीला बाजूला घेऊन सांगितलं, "भिया, रेघेच्या वर एक वीत धर. सून उंच आहे." तो म्हणाला, "हव बई." माझ्यामागून हे गेले त्याच्याशी चुन्याचं बोलायला. ह्यांना चुन्यातलं काय कळतं? पानाला लावतात तेवढाच.

माघ वद्य, दोनचार दिवस गेले

आज चूल काढली. मीच पहिली कुदळ लावली, संकल्प माझा म्हणून. आधी हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, म्हटलं, सासूबाई, रागवू नका, तुमच्या नातसुनेसाठी. मग डोळे मिटून घाव घातला. आतून भाजलेली माती अशी लाल निघाली, जास्वंदीसारखी. मला रडू आलं. शालिनी म्हणाली, "आई, रडताय?" म्हटलं, नाही गं, डोळ्यांना सवय आहे.

विस्तव मात्र विझू दिला नाही. सासूबाई म्हणायच्या, घरचा विस्तव रोज रात्री राखेत पुरायचा नि सकाळी फुंकून जागवायचा, दुसऱ्याच्या घरून मागायचा नाही. तो मी शेगडीत काढून मागच्या पडवीत नेला. आता तिथेच रांधते. वन्संनी माझ्या शेगडीवरचं खायचं नाही असं जाहीर केलं. चुन्याचा धुरळा उडतो, विटाळ होतो. माझ्याच शेगडीतले चार निखारे चिमट्यानं उचलून स्वतःच्या शेगडीत घातले नि ती आपल्या खोलीत दाराआड नेली. एका घरात दोन बिऱ्हाडं!

बेबीची मजा आहे. तिला 'ओता' शब्द आलाय. अर्धी वीट कडेवर घेऊन हिंडते, तिला थोपटून निजवते. आज विटेला आंघोळ घालून तीट लावली.

महाशिवरात्रीनंतर

ओट्याची भिंत उभी राहतेय. हरी दोन विटा लावतो नि एक गोष्ट सांगतो. मी एक गोष्ट सांगते. दुपारी हे येऊन म्हणाले, "आज ओटा वाढला की रामायण?" टोमणा मला होता का हरीला ते कळलं नाही.

पडवीत उकिडवं बसून गुडघे जरा धरतात. ह्यांनी आज न सांगता तिळाचं तेल कोमट करून आणून ठेवलं. म्हटलं, हे शालिनीच्या पायांना हवं. तर म्हणाले, "तिचं तिला दिलंय." आज तांदूळ निवडले. शालिनीनं नंतर ते परत निवडले, म्हणाली वेळ जात नाही म्हणून. बसल्या जागी काम शोधते पोर.

वन्सं येताजाता ओट्याकडे बघतात नि "शिव शिव" म्हणतात. काल शिव शिव म्हणताना हात लावून बघितला, पक्का आहे का.

धुळवड

देवा, माझं चुकलं.

काल होळी पेटली नि इकडे शालिनीच्या पोटात कळा. अजून दिवस भरायचे होते. खाटेची दांडी अशी घट्ट धरली पोरीनं. डॉक्टरबाईला टांगा धाडला. ती येईपर्यंत मी देवापुढे बसले होते, पण स्तोत्र आठवेना, लाल माती नि कुदळच डोळ्यांपुढे. वन्सं दारात उभ्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाई म्हणाली खोट्या कळा, बाळाचं ठीक, हिला उठू देऊ नका. गेली. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. हरी होळीला म्हणून गेला तो आलेला नाही. चुलीच्या जागी खड्डा, छपराला धुराड्यासाठी पाडलेलं भोक, ओट्यावर फरशी नाही. मी ह्यांना म्हटलं, "राहू दे. त्याला सांगा येऊ नकोस. खड्डा बुजवून मी परत जमिनीवर चूल घालते."

शालिनी खाटेवरून म्हणाली, "आई, आता थांबलात तर मी स्वतः उठून विटा लावीन."

"तुझ्याचसाठी थांबवतेय ना गं!"

"माझ्याचसाठी करा," म्हणाली, नि भिंतीकडे तोंड फिरवलं. रडत होती वाटतं. एका ओट्यासाठी इतकं? डोहाळे फार कडक ह्या खेपेचे.

रंगपंचमी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं. टाक नवा घेतलाय.

सकाळी वन्सं शालिनीच्या खोलीत गेल्या नि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता हिला बोल लावणार. कान देऊन ऐकलं (बेबीला उचलायला गेले होते, दाराशीच पडली होती तिची वीट). शालिनी हळू हळू काहीतरी सांगत होती. मग वन्संचा आवाज, "मग मला आधी का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"

बाहेर आल्या त्या थेट माझ्यासमोर. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "वहिनी, देव्हाऱ्यावरचा तो शंख दिसतो तुला?"

"दिसतो की. जरा हलतो, धुरामुळे."

"धूर कुठं आहे आत्ता?"

खरंच नव्हता. मी म्हटलं, मग सकाळचा राहिला असेल.

वन्संनी पदर खोचला, म्हणाल्या, "दत्तू, टांगा बोलाव. त्या मिस्त्रीला घेऊन येते."

"ताई, आज रंगपंचमी! राजवाड्यापासून रस्ते पेटलेत रंगानं. नि बांधकामाला तुझा विरोध होता ना?"

"उकरलेली चूल उघडी टाकणं हे कुदळ लावण्यापेक्षा वाईट. शास्त्र आहे."

"कुठलं शास्त्र?"

"माझं."

नि गेल्या! ज्या तांब्यावर सावली चालवून घेत नाहीत त्या वन्सं, रंगपंचमीच्या इंदूरात, उघड्या टांग्यात. मी दिवसभर ओसरीवर. उन्हं उतरली तेव्हा टांगा आला. वन्संचं पांढरं लुगडं हिरवं, गुलाबी, जांभळं. केसांत गुलाल. कपाळापासून गालापर्यंत पिवळा ओघळ. शेजारी हरी, शाळेतून कान धरून आणावा तसा बसलेला. म्हणाला, "बई, म्हारे घर में घुसी गई! बोली, चल."

मी म्हटलं, "वन्सं, रंग... पाणी काढू का आंघोळीला?"

"काढशील सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी हा फरशी कधी बसवतो ते विचार." नि तशाच, रंगलेल्या, ओसरीच्या कडेला बसल्या. पोरांनी कोपऱ्यावर पिचकारी मारली, म्हणाल्या, ती कशी मारली, कोण कोण होतं, सगळं सांगितलं. हसत होत्या. भावजी गेल्यापासून मी त्यांना रंगात बघितलं नव्हतं, नि हसताना त्याहून नाही.

माझ्या मते त्यांना माझी बाजू पटली. मी गेले दोन महिने समजावतेच आहे. गोड बोलून माणूस वळतं ते असं.

फाल्गुनी अमावास्या

फरशी बसली. काळी, गुळगुळीत, बेबीला तोंड दिसतं तिच्यात. धुराडं छपराबाहेर निघालं, वर मातीची टोपी. उद्या पाडवा. उद्याच नव्या चुलीत विस्तव घालायचा असं ठरवून मी पडवीत शेगडीपाशी पुरणाची तयारी करत होते, नि बेबीनं तांब्या घेतला. "आजी, विटेला न्हाऊ." मी हो म्हटलं, लक्ष डाळीत. तिनं सगळा तांब्या शेगडीवर! फुस्स झालं. राखेचा चिखल.

सासूबाईंच्या वेळेपासूनचा विस्तव. इतके दिवस वाऱ्यापावसातून राखला, नि नेमका उद्यासाठी विझला. शालिनीचे दिवस भरत आलेले. मनात नाही नाही ते आलं. बेबीला एक धपाटा घातला नि लगेच जवळ घेतलं, मग दोघी रडलो.

वन्सं आल्या. शेगडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय झालं?"

"विझला."

"कोण म्हणतं विझला? माझ्या खोलीत काय आहे मग? तुझ्याच शेगडीतला आहे ना, मी दाराआड नेलेला. रोज राखेत पुरते. तुला वाटलं मी रुसून नेला?"

मला तसंच वाटलं होतं. त्याही तसंच म्हणाल्या होत्या. पण आत्ता कोण वाद घालतो!

शके १८७६, पाडवा

गुढी उभारली. वन्संनी आपली शेगडी दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात आणली, नि निखारे नव्या चुलीत मी घातले. फुंकर घातली. गोवरी धरली, लाकूड धरलं, नि धूर... धूर आलाच नाही! मी वाट बघत उभी, नेहमीसारखे डोळे बारीक करून. हरी अंगणातून ओरडला, "बई, बाहर आओ, देखो!" सगळे बाहेर. धुराड्यातून बारीक निळी रेघ सरळ वर चाललेली. हे टोपी काढून बघत होते, जशी महाराजांची स्वारी निघालीय. गंगूबाई भिंतीपलीकडून, "अगं बाई, आगगाडी बांधली का घरात?"

दूध ठेवलं, उतू जाऊ दिलं, पूर्वेकडून गेलं. मग मी पुरणपोळ्या करायला घेतल्या, उभ्यानं. वन्सं म्हणाल्या, मी फक्त बघते. एक पोळी बघितली, दुसरीला लाटणं माझ्या हातून काढून घेतलं. मग हलेचनात. मी म्हटलं, "वन्सं, अन्नपूर्णा बसलेली असते ना?" म्हणाल्या, "तिला गुडघे असते तर ती पण उठली असती."

शेवटची पोळी तव्यावर नि शालिनीनं हाक मारली. ह्या खेपेच्या कळा खऱ्या.

दुसरा दिवस, घाईत

मुलगी! दोघी सुखरूप. पहाटे झाली. डॉक्टरबाईला पाणी एका वेळी दोन हंडे लागलं, नि नव्या चुलीनं दोन्ही दिले, धुराचा टिपूस नाही. बाळ रडलं ते असं की गंगूबाई उठून आली. रंग गव्हाळ, जावळ भरपूर, बोटं लांब, आईसारखी शिडी होणार.

कुणी म्हणालं, दुसरीही मुलगीच. वन्सं म्हणाल्या, "दुसरीही म्हणजे? ओटा एवढा लांब कुणासाठी बांधलाय?"

संकल्प माझा होता. बरंवाईट माझ्या माथी होतं ना? मग हे सगळं माझ्या माथी!

वैशाखी पौर्णिमा

बरेच दिवस लिहिलं नाही. वेळ कुठं आहे? रामनवमीला कचेरी नि शरद इंदूरला आले. बारसं झालं, वन्संनी कानात नाव सांगितलं, सुमेधा. सव्वा महिना मी एकटीनं रांधलं, डिंकाचे लाडू, अळीव, शेपूची भाजी, येणारेजाणारे, नि थकले म्हणून नाही.

पण आज एक घोळ उघडा पडला. शालिनीचा सव्वा महिना झाला, ती प्रथमच ओट्याशी उभी राहिली पोळ्या लाटायला. नि बघते तर काय, चांगली कमरेत वाकलेली! कणीस वाकावं तशी! मी म्हटलं, थांब. मी शेजारी उभी राहिले. माझ्या कोपराला ओटा असा बरोबर की जशी चोळी बेतलीय. वन्संनाही चालतो, त्या माझ्याएवढ्याच.

माझं डोकंच फिरलं. हरीला बोलावणं धाडलं. "काय रे, तुला वीतभर वर धर म्हटलं होतं ना? हव म्हणाला होतास ना?"

हरीनं बिडी कानावरून काढून परत कानावर ठेवली. ह्यांच्याकडे बघितलं. म्हणाला, "बई, माप तो बराबर है."

"बरोबर कसलं! सुनेसाठी ओटा नि सुनेलाच वाकावं लागतं!"

शरद म्हणाला, "आई, बरोबरच आहे गं."

"तुला काय कळतंय? तुझं माप टाक नि दौत."

शालिनी हसायला लागली. वन्सं पदरात तोंड घालून हसायला लागल्या. हे खिडकीबाहेर बघत होते, पण पाठ हलत होती ह्यांची. सगळ्यांना एका मिस्त्रीच्या चुकीचं एवढं काय हसू आलं देव जाणे. शालिनी म्हणाली, "आई, माझी हौस फिटली. आता ओटा तुमचा. मी पाट घेऊन बसून लाटीन, मला बसून बरं वाटतं."

बघा हिचे डोहाळे! पोटात बाळ होतं तेव्हा उभं राहायचं होतं, आता बसायचंय. पण बोलले नाही. बाळंतीण आहे.

एक मात्र लिहून ठेवते, विसरेन म्हणून. दुपारी सुमेधाला मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. एकेक खडा स्वच्छ दिसत होता. मग बेबीच्या झबल्याची गुंडी लावायला सुई घेतली, तर दोरा पहिल्या खेपेलाच ओवला, कुणाला न बोलावता. देव्हाऱ्यावरचा शंख बघितला. हलत नव्हता. डोळ्यांतलं पाणीसुद्धा कधी थांबलं ते कळलं नाही. वन्संना सांगितलं, तर त्या तोंड फिरवून म्हणाल्या, धुरळा गेला काहीतरी डोळ्यात.

पोर जन्मून दीड महिना नाही झाला, नि म्हातारीचे डोळे उजळले. पायगुण म्हणतात तो हा. आणि काय!